गो, नो-गो

अंबडला माझ्या टेबलावर
दिवसाला अकराशे बुशिंग येतात.
हातात गेज. एक टोक गो, दुसरं नो-गो.
एक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये.
तिसरं उत्तर नाही.
बावीस वर्षं हे केलं की माणूस
घरी पोळीसुद्धा उजेडाकडे धरून बघतो.

म्हणून एम. जी. रोडच्या त्या दुकानात
ऋजुता मला पुढे ढकलते, "आई, तू बघ."

दोन लॅपटॉप, शेजारी शेजारी.
एक छत्तीस हजार नऊशे नव्वद.
एक ब्याण्णव हजार पाचशे, त्यावर बॅग फुकट,
जणू ब्याण्णव हजार मोजणाऱ्याच्या घरी पिशवी नसते.

वसीम नावाचा सेल्समन, ऋजुताच्याच वयाचा,
रॅम सांगतो, प्रोसेसर सांगतो, हप्ते सांगतो.
मी मान हलवते
आणि दोन्हींची झाकणं उघडते, मिटते, उघडते.
महागाचं एका बोटाने उघडतं,
सोडाल तिथे थांबतं, अर्ध्या वाटेतही.
स्वस्ताचं उचललं
की खालचा भागही सोबत उठतो
पदर धरून निघालेल्या पोरासारखा.
बिजागरीत खेळ आहे. अर्धा मिलिमीटर तरी.
असला माल मी लाल ट्रेमध्ये टाकते.

"चालतात दोन्ही, काकू," वसीम म्हणतो.
चालणं वेगळं, बसणं वेगळं,
हे मी त्याला सांगत नाही.

भिशीचे साठ हजार पर्समध्ये आहेत,
उरलेल्याचे दहा हप्ते मी येताना बसमध्येच पाडलेत.
मी महागाचं ठरवून आले आहे.
ती स्वस्ताचं.
तिच्याकडे कागद आहे, चौकोनी वहीचा,
पुढच्या सेमिस्टरची फी, प्रोजेक्टचं बाइंडिंग,
आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित: आईची दाढ.

मग ती टाइप करून बघते.
आधी स्वस्तावर. टक टक टकाटक,
शेजारचा गिऱ्हाईक वळून बघतो.
मग महागावर
आणि बोटं थबकतात.
आवाजच नाही. पिठावर बोट उमटवावं तसं.
तिचा चेहरा बदलतो.

"आई, हेच घेऊ."
"का गं? मगाशी तर..."
"तुझी पहिली पाळी असते ना. मी रात्री बसणार.
दीड खोली आपली."

मी तिच्याकडे बघते. कागदाकडे बघते.
आणि ऐकते मलाच, म्हणताना,
"छत्तीसवालं बांधून द्या."
"आई!"
"अगं, मला आवाज लागतो.
प्रेसशॉपच्या भिंतीला टेकून डबा खाणारी बाई मी,
शांततेत झोप लागत नाही मला."
हे किती खरं, किती त्या क्षणी घडवलेलं,
त्याला गेज नाही.

तिसऱ्या आठवड्यात बिजागरी कुरकुरली.
मी काही बोलले नाही.
स्टोअरमधून एक रबरी वॉशर मागून आणला,
तो कुठेच बसला नाही. टीव्हीवर पडून आहे.
दाढ मात्र भरून घेतली, सात हजारांत,
डाव्या बाजूने पुन्हा दाणे चावते आहे.

पवननगरात पौषातल्या रात्री
बाहेर कुत्रीसुद्धा गुंडाळून पडतात.
ती पलंगाच्या कडेला, गुडघ्यांवर उशी,
उशीवर ते. टक टक टकाटक.
मी पाठमोरी.

दोनच्या सुमारास मला जाग येते.
कारखान्यात येते तशीच,
मशीन चालू असताना नाही,
बंद पडल्यावर.

"काय झालं गं?"
"काही नाही. विचार करतेय."
"बरं. कर."

छताकडे बघत मी थांबते.
पाच मिनिटं. सात.
मग एक टक.
मग दुसरं.