आधी चपला

सोमवार ते शुक्रवार, साडेआठ.
दुकानाचं शटर अर्धं ओढून मी घरात येते,
केसांत दोऱ्यांचे तुकडे तसेच,
आणि 'उंबऱ्याबाहेर' लावते.
हिर्लेकरबाई येतात. सुती साडी, खांद्याला रेशनची पिशवी.
खून झालेल्या घरात त्या एकदम शिरत नाहीत.
दारात थांबतात, वाकून बघतात :
"आधी चपला. माणसं नंतर बोलतील."
एवढ्यात देवगडची लाईट जाते.

जायचीच. तारेवर माड कललाय.
वायरमन गावडे म्हणतो, उद्या तोडू.
हा उद्या गेल्या दिवाळीपासूनचा.

सासरे खुर्चीत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
तीस वर्षं तांडेल होते, आता मालिका कानांनी बघतात.
काळोखात त्यांचा आवाज :
"मगे? कोणी मारल्यान गो?"
पहिल्यांदा म्हटलं, मला काय ठाऊक.
दुसऱ्यांदाही तेच.
तिसऱ्यांदा, का कोण जाणे, तोंडातून निघालं,
"पुतण्याने. बाहेरून आलो म्हणतो,
पण चपलेला माती नव्हती त्याच्या."
मेणबत्ती शोधायला उठलेली मी
तिथेच जमिनीवर बसले.
पुतण्याला आजारी आई दिली, पतपेढीचं कर्ज दिलं,
आमच्या वळणावरच्या वखारवाल्याचं
तोतरं बोलणं दिलं.
लाईट अकराला आली.
कुणी उठून टीव्ही लावला नाही.

तेव्हापासून नजर खालीच असते.
बँकेत, दवाखान्यात, सोसायटीच्या रांगेत.
डॉक्टर मुणगेकरांच्या पायरीवर
लहान मुलाची एकच सँडल :
कडेवर आणलंय, धावत.
लिलावाला येणाऱ्या फहमिदाभाभीच्या स्लिपरांना
दोन रंगांचे पट्टे, एक निळा, एक लेकीचा गुलाबी.
बायका ब्लाउज टाकायला येतात,
मी मापं घेते, आणि वहीत मापाच्या खाली
दुसरंच काहीतरी उतरतं :
"छाती चौतीस. उंची चौदा. बाही साडेपाच.
चप्पल कोरी, टाच फुटलेली.
नवरा आलाय कुवेतहून.
ही गळा मागून बंद ठेव म्हणते."
काजं करणाऱ्या पोरीने ते पान चुकून वाचलं.
म्हणाली, काकी, पुढचं पान कुठाय?

पुढचं पान बंदरावर होतं.
एका खलाशाच्या बायकोकडे थकलेले तीनशे मागायला गेले होते,
ती नव्हती. जेटीच्या भिंतीला अकरा जोड होते,
टाचा भिंतीला, तोंडं पाण्याकडे.
बोट पहाटेच गेलेली.
मी बर्फाच्या खोक्यावर बसून राहिले. तीनशे विसरले.
तिन्हीसांजेला बोट लागली,
दहा जोड पायांत गेले, घराकडे वळले.
एक राहिला.
माझ्या पोटात खड्डा.
बर्फवाला हसला, "अहो तो टेकबहादूर, नेपाळी पोर.
बोटीवरच झोपता, बोटीवरच खाता.
चप्पल मात्र रोज आणून हय ठेवता."
कशाला?
"कोणी इचारूक नाय."

हिर्लेकरबाईंनी विचारलं असतं.
मी घरी आले. वही संपली होती,
अस्तराच्या कागदावर लिहीत बसले,
आणि वरणाला फोडणी द्यायची राहिली.

काल शेवटचा भाग.
माड गेल्या आठवड्यात तोडला, लाईट ढिम्म हलली नाही.
सगळं दिसलं. खुनी दिसला, बेड्या दिसल्या,
हिर्लेकरबाई पाठमोऱ्या चालत गेल्या.
किती सरळसोट.
सासरे बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "बंद कर ता. तुजा काय ता सांग."

टीव्ही बंद केला.
जरा थांबून दिवाही.
म्हटलं, बाबा, एक नेपाळी पोरगा होता.
"होय," खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज आला,
"पायात काय होता तेच्या?"