स्थळप्रत

पंचवीस रुपये दंड.
मी नाझर, पावती मीच फाडली.
नाव पैकूजी निखाडे, धंदा सुतारकी, मुक्काम सायखेड.
कारणाचा रकाना बोटभर रुंद,
त्यात मावलं तेवढंच लिहिलं : आज्ञाभंग.

साहेबांनी ज्यूरीच्या पाचही जणांना बजावलं होतं,
दुभाष्यानं वऱ्हाडीत फोडून सांगितलं होतं :
कोर्टात ऐकाल तेवढंच धरा.
जागेवर जाऊ नका, कुणाला पुसू नका.
चौघांनी माना डोलावल्या.
पैकूजी आढ्याकडे बघत होता,
साग आहे की साजड, ते बघत असावा.

खटला बैलजोडीच्या चोरीचा.
साक्षीदार म्हणाला, वद्य अष्टमी, मध्यरात्र उलटलेली, चांदणं पडलं होतं,
बांधावरून हिवराखालचा डोमा दिसला मला,
चेहरा असा, तळहातासारखा.
डोमा पिंजऱ्यात आपल्या तळहाताकडे बघत राहिला.

खटला लांबला, पुढची अष्टमी आली.
पैकूजीनं धाकट्या भावाला झाडाखाली उभं केलं
आणि पावलं मोजत बांधावर गेला.
एकशे बारा.

कुणी चुगली केली कोण जाणे.
"कायले गेलता?"
"पाह्याले गेलतो जी. माप घेतल्याबिगर
सुताराले करवत लावता येत नाई."
"मंग काय पाह्यलं?"
साहेबांनी हात वर केला. हा प्रश्न नको.
पैकूजीनं उघडलेलं तोंड मिटलं.

बावीस कलदार धोतराच्या सोग्यातून निघाले,
तीन पानठेल्यावरून उसने आणले.
पावती उजेडाला धरून म्हणाला,
"बाबू, याच्यात म्या काय केलं थे कुठी हाये?"
मी म्हणालो, रकाना लहान आहे.
"हाव," तो म्हणाला, "मोठा करून देऊ का?"
आणि हसला नाही.

ज्यूरी मोडली. नवे पाच आले,
शहाणे, कुठेही न जाणारे.
डोमाला दोन वर्षं.

काल पुन्हा अष्टमी.
शिपाई मुनीरला आणि त्याच्या साडभावाला घेऊन
मी अडाणच्या काठाकाठानं सायखेडला गेलो.
सांगितलं, दोघांतला एक झाडाखाली जा,
कोण ते मला सांगू नका.
कंदील विझवला. चंद्र वर येईस्तोवर
बांधावर उकिडवा बसलो.
माझी पावलं आखूड, एकशे तीस भरली होती.

हिवराखाली कुणीतरी येऊन उभं राहिलं.
पुष्कळ वेळ उभं होतं.
मी कुणाचंच नाव घेतलं नाही.

सकाळी पावतीपुस्तक काढलं.
स्थळप्रतीच्या समासात जागा होती,
पेन्सिलीनं लिहिलं : ११२.
तपासणीत कुणी विचारलं तर सांगेन,
हा आकडा बेरजेत धरलेला नाही.