सामाईक भिंत

न्यूपोर्टमध्ये, अस्क नदीच्या चिखलापासून दोन गल्ल्या वर,
ग्लेनिसची आणि आमची भिंत एकच.
तिकडे खोकला झाला की इकडे कपबशी किणकिणते.

डिसेंबरात तिचं इंटरनेट कंपनीनं तोडलं.
विरजण मागायला यावं तशी ती दाराशी आली,
हातात वाटी नाही, कार्डिगनची बटणं चुकीची लावलेली.
मी पासवर्ड एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर लिहून दिला.
बहात्तर वर्षांची बाई. करून करणार काय?
विणकामाचे व्हिडिओ,
रविवारी कार्डिफच्या नातवाशी दोन शब्द.

तिसऱ्या आठवड्यात माझ्या फोनवर
केसांचे टोप आले.
राखाडी, सोनेरी, अगदी तुमच्याच केसांसारखे.
मग मऊ सुती टोप्या, मळमळीवर आल्याच्या गोळ्या,
मग मृत्युपत्र फुकट करून द्यायचं एका संस्थेचं आमंत्रण.
मी कुकरच्या शिट्या मोजत होते,
तिसरी झाली की चौथी, विसरले.

माझे केस कमरेपर्यंत.
श्रीरंगला टक्कल, पण त्याला त्याचं काही नाही.
मग उरलं कोण?

भिंतीला कान असतात हे लहानपणापासून ऐकत आले.
तिला तोंड फुटलेलं इथे पाहिलं.

कंपनी म्हणते, आम्हाला नाव ठाऊक नसतं, फक्त घर.
जणू पत्रं फोडून वाचणारा पोस्टमन
शपथेवर सांगतोय,
पाकिटावरचं नाव मी कधीच वाचत नाही.
आणि मीही 'मान्य आहे' दाबलं होतंच की,
दूध उतू जात होतं तेव्हा,
दुसऱ्या हाताने.

आता हे घेऊन जायचं कुठे?
मऊ खिचडी केली, मिरची न घालता, नेऊन दिली.
ग्लेनिसनं एक चमचा खाल्ला, माझ्याकडे पाहिलं.
तुझ्या हातचं नेहमी तिखट असतं, म्हणाली.
मिरच्या संपल्यात, मी म्हटलं.
तिनं न सांगितलेलं मला माहीत असणं
म्हणजे तिच्या कपाटात हात घालणं.
मी हात घातला नव्हता,
पण हाताला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता.

फेब्रुवारीत श्रीरंग पलंगावर पडल्या पडल्या हसला:
हे बघ, घटस्फोटाचे वकील, पहिला अर्धा तास मोफत.
एका माणसापुरते फ्लॅट, चेपस्टो रोडला.
या वयात म्हातारीला काय सुचलंय!
मी चादरीचं टोक खोचत होते.
म्हटलं, असेल बाई, कुणाचं काय सांगावं.

ग्लेनिसचा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली.
चार वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो
आणि श्रीरंगला ते माहीत नव्हतं.
मला त्या रात्री ते सोयीचं पडलं.
माझं धुणं मी तिच्या दोरीवर वाळत घातलं.
रात्री दोन वाजता, बाथरूमचं दार लावून,
अंगठ्याने मी जे शोधत होते
ते अजून आईलाही बोलले नव्हते.

मार्चमध्ये एकदाचं ऊन पडलं.
ती मागच्या कुंपणाशी उभी, डोक्याला निळा रुमाल.
म्हणाली, तुला सांगायचं होतं, मला जरा बरं नाहीये.
मी दचकले. नीट दचकले,
आरशासमोर सराव केल्यासारखी.
तिनं माझं दचकणं पूर्ण होऊ दिलं.

मग दोरीवरचा एक चिमटा काढून खिशात टाकत,
माझ्याकडे न बघता, म्हणाली,
माझी मागची खोली रिकामीच असते.
सकाळचं ऊन येतं तिथे.
दाराला आतून कडी आहे.