उघड्या नळीवर बोलू नये

फेब्रुवारीत एमायोगी नदी वरून गोठते,
खालून वाहत राहते. हे टाइप करायचं नाही.
टाइप करायचं ते असं:
कांग्रो, हेल्ये. जन्म एकोणीसशे बेचाळीस, तार्तू.
विषय रेणवीय जीवशास्त्र. एकूण शोधनिबंध –
इथे माझं बोट अडतं.
बाई म्हणतात त्रेसष्ट,
संगणक म्हणतो बासष्ट.

विद्यापीठाला आकडे सोमवारपर्यंत हवेत.
किती छापलं, आणि जगात कुणीकुणी
आपल्या तळटीपेत हे नाव घेतलं.
पहिले अकरा निबंध रशियनमध्ये,
तिथे हेल्येची ख्येल्ये झालेली.
लग्नानंतरची सहा वर्षं आडनाव वेगळं,
मग पुन्हा कांग्रो.
संगणकाला वाटतं, या तीन बायका आहेत.
सकाळभर मी तिघींना एका खुर्चीत बसवत होते.

सतरावा निबंध दोनच पानांचा.
यीस्टमधला आरएनए हाताळताना तुटू नये म्हणून काय करावं:
काच रात्रभर भट्टीत तापवावी,
हातमोजे बदलावेत,
आणि शेवटची ओळ, उघड्या नळीवर बोलू नये.
उल्लेख: नऊ. त्यातले चार स्वतः बाईंचेच.

मागच्या उन्हाळ्यात मोन्तेविदेओहून एक मुलगी आली होती,
इटाती नावाची. तिनं फोनवर फोटो दाखवला,
त्यांच्या प्रयोगशाळेतल्या फ्रिजवर
पिवळ्या पट्टीवर, स्पॅनिशमध्ये, तीच ओळ.
कुणाची म्हणून विचारलं तर खांदे उडवले.
आमचे सर म्हणतात. सरांच्या सरांच्या बाई म्हणायच्या म्हणे.
बाई समोरच बसल्या होत्या.
बिस्किटाचा चुरा गोळा करत राहिल्या.

ती गेल्यावर मला म्हणाल्या,
काल्यु आठवतो का तुला? कसा आठवणार, तू लहान असशील.
बाटल्या धुवायचा, नळ्या भरायचा,
आणि भरताना गुणगुणायचा.
त्या काळात गुणगुणू नयेत अशी गाणी.
तिसऱ्या टेबलावरचा माणूस
प्रयोगाच्या वहीशिवाय आणखी एक वही ठेवायचा.
थेट सांगणार कसं?
म्हणून पद्धतीतच लिहून टाकलं.

पण बाई, थुंकीनं आरएनए तुटतो, हे तर खरंच ना?
खरंच गं, म्हणाल्या. खोटं मी कशाला छापेन?

काल्यु एकाही निबंधात लेखक नाही.
सतराव्यात तळाशी बारीक अक्षरांत आहे,
आभार मानलेत त्याचे, शांत राहिल्याबद्दल.

आता तो एक, यादीतला एक्केचाळिसावा.
सगळ्यात नावाजलेला, परदेशातली आमंत्रणं आणणारा.
तीन वर्षांनी बाईंनाच दिसलं, वाढवलेल्या पेशींत
शेजारच्या बशीतल्या पेशी मिसळल्या होत्या.
कुणी विचारलं नव्हतं. यांनीच पत्र लिहिलं:
चूक माझी, निबंध मागे घ्या.
संगणकानं घेतला. माणसांनी नाही.
मागे घेतल्यानंतरही एकशे अठ्ठ्याऐंशी जणांनी
त्याच्या खांद्यावर विटा चढवल्या.
कालच कुठूनसा एकशे एकोणनव्वदावा आला.

काढून टाकू का, मी विचारलं.
नको. तोही मीच लिहिलाय.
मी त्रेसष्ट टाइप करते, खाली लाल रेघ येते.
खोडते. पुन्हा त्रेसष्ट. पुन्हा रेघ.
मग रेघेसकट राहू देते.

शेवटचा रकाना: प्रभाव, अडीचशे अक्षरांत.
खिडकीबाहेर बर्फाच्या कडेला कुणी मासे धरत बसलंय,
भोकाशेजारी बादली, बादलीवर फळी.
बाई, इथे काय लिहू?
त्या बराच वेळ त्या माणसाकडे बघत होत्या.
बोलण्याआधी त्यांनी
चहाच्या थर्मासला झाकण लावलं.