दोन रकाने

चरावण्याच्या उतारावर माघाची सकाळ.
काजूला मोहोर, माझ्या हातात खात्याचा छापील कागद:
किडीचे नाव. लक्षणे. नुकसान, टक्क्यांत.

ढेकण्या आधी दिसला. कोवळ्या पालवीवर,
तांबूस, लांब मिशांचा,
पाठीवर टाचणी टोचल्यासारखा काटा,
जणू कुणी त्याला संग्रहात लावून ठेवला होता
आणि तो तिथून उठून आलाय न्याहारीला.
सोंड खुपसतो, थेंबभर डिंक येतो,
मग तपकिरी डाग, मग काळा.
चार दिवसांत मोहोर करपतो,
विझल्या उदबत्त्यांचा जुडगा.

"ह्याचं काय नाय," सत्यवती माजिक म्हणाली,
"हा शेजारणीसारखा, तोंडावर भांडतो.
झाडावर हुमले असले तर पाय ठेवत नाय."
मी लिहिलं: लक्षणे स्पष्ट.

दुसऱ्यासाठी तिनं मला गुडघ्यांवर बसवलं.
बुंध्याशी, मातीला लागून, ओला भुसा,
सुताराच्या दारात सांडतो तसा,
फक्त इथं सुतार आत.
"कान लाव गे."
लावला. आधी माझंच रक्त ऐकू आलं.
मग करकर, अगदी बारीक,
सगळी मुलं घरी गेल्यावर
कुणी एकटंच पाटीवर
एक अक्षर गिरवत बसावं तशी.

कोयत्याच्या टोकानं तिनं साल उचकटली,
छत्रीची काडी वाकवून आत घातली.
रोठा. करंगळीएवढा, लोण्याच्या रंगाचा.
ऊन त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.
करवंटीत पडून तो
हवेतच चावत राहिला.

"किती वर्षं आहे आत?"
"मोहोर बघ."
वर पाहिलं: बागेतलं सगळ्यात भरलेलं झाड,
एक डाग नाही, मधमाश्यांचा घुमारा.
"मरायच्या आधी असंच फुलतं.
दोनदा फसले मी. पहिल्या खेपेला तर
देवाच्या नावानं नारळ ठेवला, इथं,
ह्याच भुशावर."

मग ओली माती लिंपली तिनं भोकावर,
चुलीला लिंपतात तशी,
आणि कोंबड्यांना हाक मारली.

डागाळलेल्या झाडापुढं मी चाळीस लिहिलं होतं.
ह्याच्यापुढं पेन थांबलं.
शून्य? शंभर?
"काय अडलं?" म्हणत तिनं वाकून
त्या रकान्यावर बोट ठेवलं.
वाचता येत नव्हतं तिला.
उचललं तेव्हा कागद थोडा बोटासोबत आला,
डिंकाचा तांबडा ठसा राहिला.

तसाच पाठवला मी तो वाळपईला.