तेरणेची फाइल

उदगीरच्या दूध संघात, तळघरात, तीन यंत्रं आहेत.
बिरादार सरांनी नावं ठेवली: मांजरा, तेरणा, लेंडी.
लेंडीला लोक हसायचे.
तिच्यात दुधाचा एक थेंबही नोंदलेला नाही,
ती फक्त मत देते.

रात्री दीडला मी तेरणेची फाइल उघडली.
मांजरेच्या फाइलीची नक्कल, तीच अक्षरं, त्याच मोकळ्या जागा;
फरक तीनच ओळींचा हवा:
तुझा क्रमांक, तुझं नाव, तुझा पत्ता.
मग एक ओळ, जिच्यापाशी हात थांबतो:
मांजरा किती सेकंद गप्प राहिली
म्हणजे ती गेली असं धरायचं?

वर सरांची टीप. जाळीच्या चिन्हानं सुरू होणारी ओळ
यंत्र वाचत नाही, माणसंच वाचतात:
# पाच सेकंदांत कुणाला मेलं म्हणू नये. दम खा. गु. बि.

सर, पाचला हंडरगुळीचा टेम्पो येतो.
म्हशीचं दूध दम खात नाही, नासतं.
मी अकरा लिहिले. अकराच का, विचारू नका.

मेहताबभाई टॉर्च घेऊन जिन्यात उभे.
"मॅडम, काय करलालाव इतक्या रातच्याला?"
म्हटलं, मांजरेला मारून बघायचंय.
ते म्हणाले, "मग मी तोंड फिरवू का?"

वायर ओढली.
हिरवा दिवा गेला. मी बोटांवर मोजत होते.
नऊ. दहा. अकरा. बारा.
वीस.
तेरणा हलेना.

पुन्हा फाइल. वरून खाली, खालून वर,
चटईवर पडलेली टाचणी शोधावी तशी.
क्रमांक: १.
तेरणेच्या फाइलीत, माझ्याच हातानं: १.
नक्कल करताना सगळं उतरलं होतं, दुसरीचं असणंही.
तेरणा स्वतःला मांजरा समजून बसलेली.
कोण गेलं? मांजरा तर इथेच आहे.
लेंडीनं मत द्यावं तरी कुणाला?

दोन लिहिलं. एका आकड्याचं काम,
पावणेतीन वाजले.

पुन्हा वायर. अकरा.
लेंडीचा दिवा एकदा लुकलुकला
आणि तेरणेनं सगळं अंगावर घेतलं,
काल संध्याकाळच्या शेवटच्या कॅनपासून पुढे.
मेहताबभाईंनी पाठमोऱ्यानंच विचारलं, "झालं?"
काहीच झालं नव्हतं. तेच तर हवं होतं.

राहिली मांजरा. वायर लावली की उठेल
आणि म्हणेल, मीच मुख्य, सरका.
तिच्या फाइलीत लिहावं लागलं:
परत आल्यावर मागे उभी राहा.
आधी विचार, मी नसताना काय काय झालं,
एकेक नोंद उतरवून घे. मग बघू.

हे मला कुणी लिहून दिलं नव्हतं.
पुण्याहून सहा वर्षांनी घरी आले
तेव्हा पहिल्याच सकाळी गॅसपाशी उभी राहून
गिरिजाला सांगत होते, डबे कुठे ठेवायचे,
बाबांना गोळी कधी द्यायची.
तिनं हातातला चमचा माझ्याकडे दिला. बोलली नाही.
बाबांची गोळी तीन वर्षांपूर्वीच बदलली होती.

पाच दहाला वाढवण्याचा पहिला कॅन.
काट्यावर साडेअठरा लिटर, फॅट सहा पॉइंट आठ.
पावती छापली गेली.
तिच्या तळाला बारीक अक्षरांत यंत्राचं नाव येतं,
ते कुणी वाचत नाही.
शिवलीलाबाईंनी पावती कमरेच्या पिशवीत खोचली
आणि कॅन विसळायला नळाकडे गेल्या.