डावा हात

पाकीट फोडताना हिलाल तांबट माझ्या बोटांकडे बघत होते,
मोडीतली घागर तोलणाऱ्याच्या काट्याकडे बघावं तसे.
चिठ्ठीत निघालं: चेंडू नाही.
म्हणजे सहा आठवडे डाव्या मुठीत रबरी चेंडू दाबायचा नाही,
ज्यांनी दाबायचा ते दुसऱ्या गटात.
कुठल्या गटाची फिस्टुला लवकर तयार होते
एवढंच धुळ्यातल्या आमच्या तीन खोल्यांना
जाणून घ्यायचं होतं.

फॉर्मवर पहिला प्रश्न: कामाचा हात कोणता?
उजवा, मी त्यांच्या आधीच लिहिलं.
ते म्हणाले, "उजवा निस्ता ठोकस, ताई.
समजस तो डावा."
सोनगीरला चाळीस वर्षं डाव्यानं हंडा फिरवला,
पत्रा कुठे पातळ झाला, कुठे अजून एक ठोका मागतो,
डाव्याला कळायचं. कान तर केव्हाच गेलेले,
त्या आळीत कान कुणाचेच टिकत नाहीत.
आणि आम्ही नेमका डावाच चिरला,
धमनीला शीर जोडली,
कारण पुस्तक सांगतं, कामाचा हात राखा.

सहा आठवडे. सहा मिलिमीटर. मिनिटाला सहाशे मिली.
सरांनी फळ्यावर लिहिलेले तीन सहा, कुणी पुसत नाही.
सोनोग्राफीच्या थंड जेलीखाली
एक्केचाळीस नंबरची शीर
आठ मिलिमीटर भरली, प्रवाह नऊशेच्या वर.
बिनचेंडूच्या गटात इतकी कुणाचीच नव्हती.
सर खूश.
मी कानाशी वाकून, मोठ्यानं विचारलं: घरी काय केलं?

ते खिडकीबाहेर बघत राहिले.
खाली टँकर रिकामा होत होता.
"लगननी ऑर्डर व्हती," म्हणाले. "सव्वीस हंडा."

नियमभंग. तारीख. सही.
लिहिलं मी. लिहावंच लागतं,
एका हाताची गोष्ट झाकली तर
पुढच्या शंभर हातांना चुकीचा सल्ला जातो.
पण रकाना एका ओळीचा,
त्यात सव्वीस हंडे बसेनात.
बायकोची किडनी जुळली नाही,
मुलीची त्यांनी तपासूच दिली नाही,
हा तर त्या फॉर्मचा विषयच नव्हता.

उठताना त्यांनी माझी बोटं धरली
आणि मनगटाच्या वर, टाक्यांच्या खुणेवर ठेवली.
दिवसाला वीस हातांवर ठेवते मी.
थ्रिल आहे, थ्रिल नाही, बरोबरची खूण, पुढचा.
"शेवटला ठोका दिधा ना," ते म्हणाले,
"तरी भांडं थोडा येळ आंगमा वाजत ऱ्हास.
त्याले कान नही लागत."

सोनगीरच्या गाडीची वेळ होत आली होती.
पलीकडच्या खाटेवर कुणीतरी
मशीन संपायची वाट बघत कूस बदलली.
माझी बोटं अजून तिथेच होती.